ऋणनिर्देशात न आलेलं नाव

प्रबंध हातात आला की मी आधी ऋणनिर्देश उघडते. मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य, आई-वडील, सासू-सासरे, माहिती देणारे गावकरी, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातले कर्मचारी. शेवटच्या दोन ओळींत राजारामपुरीत अक्षरजुळणी करून देणारा डीटीपीवाला, कधी कधी सोनेरी अक्षरांची बांधणी करणारासुद्धा. अडीचशे-तीनशे पानं ओळ न ओळ वाचून ज्याने भाषा नीट केली, तो माणूस मात्र या यादीत बहुधा नसतो.

मी कोल्हापुरात गेली बरीच वर्षं मुद्रितशोधन आणि भाषासंपादन करते. सुरुवात छापखान्यात झाली, आता घरीच काम असतं. त्यात पीएच.डी.चे प्रबंध दरवर्षी वाढत चालले आहेत. मागे एका विद्यार्थिनीने मोकळेपणाने विचारलं होतं, ‘मॅडम, तुमचं नाव घालू ना?’ मी हो म्हटलं. आठवड्याने तिचा फोन आला. आवाज उतरलेला होता. मार्गदर्शकांनी ते नाव काढायला सांगितलं होतं, कारण ‘परीक्षक नसत्या शंका घेतील’. नाव निघालं. मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्या मुलीने काही चोरलं नव्हतं, मी तिला काही लिहून दिलं नव्हतं, आणि तरीही आम्ही दोघींनी काहीतरी लपवण्यासारखं केलं आहे असं त्या एका फोनने ठरवून टाकलं.

माझं म्हणणं असं आहे. प्रबंधासाठी व्यावसायिक संपादकाची मदत घेणं गैर नाही. गैर आहे ते ती लपवायला लावणं. विद्यापीठांनी या मदतीची हद्द लिहून द्यावी, ती घेतल्याची नोंद प्रबंधातच मागावी, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी स्वतःची सोय करावी. हे होत नाही तोवर प्रामाणिक मदत आणि प्रबंध विकणारा बाजार एकाच अंधारात उभे राहतात, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

ही हद्द कुठे असते, हे मला एका गुऱ्हाळाच्या प्रबंधाने नीट शिकवलं.

करवीर तालुक्यातली मुलगी. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. विषय गुऱ्हाळघरातल्या मजुरांचा. ती स्वतः गुऱ्हाळाच्या वासात वाढलेली. चिपाडं वाळत घालण्यापासून गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात जाईपर्यंतचं सगळं तिच्या डोळ्यांखालचं. आणि तिसऱ्या प्रकरणात वाक्य असं होतं: ‘गुऱ्हाळ उद्योगातील कुशल कामगारांच्या वेतनाचे स्वरूप हे कार्याधारित असल्याचे संशोधिकेस आढळून आलेले असून सदर बाब ही महत्त्वपूर्ण आहे.’

मी त्याचं केलं: ‘गुऱ्हाळातील कुशल कामगारांचे वेतन कामावर आधारित असते.’ ‘सदर बाब’ गेली. महत्त्वाची आहे हे सांगण्यापेक्षा का महत्त्वाची आहे ते दिसलं पाहिजे. इथवर साधं भाषासंपादन. मग मी समासात लिहिलं, ‘कामावर म्हणजे कशावर? तासावर, टनावर, दिवसावर?’

तिचा फोन आला. ‘आदणावर, मॅडम. एक आदण उतरलं की गुळव्याचे तेवढे पैसे. पाऊस आला, चिपाडं भिजली, चुलवाण पेटलं न्हाई, तर त्या दिवसाचं काहीच न्हाई.’ आदण म्हणजे काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी उकळायला घेतलेला उसाचा रस, आणि गुळव्या म्हणजे गूळ बनवणारा कारागीर.

‘मग हे प्रबंधात कुठे आहे?’

ती जरा थांबली. ‘असलं लिवायचं असतंय व्हय?’

तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. काहिलीत उकळणारा रस, त्यावरची मळी काढायला घातलेलं भेंडीचं पाणी, पाक नेमका कधी उतरवायचा हे नुसतं पाहून ओळखणारा गुळव्या, आणि एका अवकाळी पावसाने बुडणारी त्याची मजुरी, हे सगळं तिला ठाऊक होतं. तिच्या नोंदवह्यांत मुलाखती होत्या, तारखा होत्या. प्रबंधात ते आलं नव्हतं, कारण प्रबंधाची भाषा म्हणजे ‘संशोधिकेस आढळून आले’ अशी तिची समजूत होती. तिने नोंदवह्या पुन्हा उघडल्या आणि स्वतः अडीच पानं लिहिली. मी तिला सांगितलं, ही पानं आधी मार्गदर्शकांना दाखव, त्यांनी वाचली की मगच माझ्याकडे पाठव. त्यांनी वाचली, एका ठिकाणी जास्तीची आकडेवारी मागितली, आणि मग ती माझ्याकडे आली. मी त्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि चार स्वल्पविराम बघितले, बाकी हात लावला नाही.

ती अडीच पानं माझी का? मुळीच नाहीत. मी प्रश्न विचारला. उत्तर तिच्या गावात, तिच्या वहीत आणि तिच्या डोक्यात होतं. तेच उत्तर समजा मी लिहून दिलं असतं, गुऱ्हाळांवरचं चार ठिकाणचं वाचून ‘आदणावर आधारित मजुरी आणि हंगामी अनिश्चितता’ असा परिच्छेद जोडून दिला असता, तर तो कितीही सुंदर वठला तरी ती फसवणूक ठरली असती. संपादकाने प्रश्न विचारावा, उत्तर लिहू नये. इतक्या वर्षांत मला सापडलेली हद्द हीच आहे, आणि ती समासाच्या रेघेइतकी सरळ आहे.

प्रत्यक्ष कामात ती पाळायची कशी, हेही सांगते, कारण लोकांना वाटतं संपादन म्हणजे फाइल द्यायची आणि नवी करून घ्यायची. मी संगणकावर ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवल्याशिवाय एक शब्द बदलत नाही. प्रत्येक बदल लाल अक्षरांत दिसतो, आणि तो घ्यायचा की नाकारायचा हे विद्यार्थ्याने एकेक करून ठरवायचं. एक प्रकरण असं तपासून परत आल्याशिवाय मी दुसरं हातात घेत नाही. वाक्यरचना, विरामचिन्हं, तक्त्यांचे क्रमांक, संदर्भसूचीची एकसारखी मांडणी, एकाच गावाचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी आलेलं असतं ते, हे माझं काम. आकडे बदलणं, संदर्भ शोधून देणं, निष्कर्ष लिहिणं, प्रकरणं फिरवून बांधून देणं हे माझं काम नाही. निष्कर्ष आकडेवारीशी जुळत नसेल तर मी ‘तक्ता पुन्हा पाहावा’ एवढंच लिहिते. पुढचं विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यातलं.

आता अंधाराच्या दुसऱ्या बाजूचं. मला फोन येतात. ‘मॅडम, सर्वेक्षण झालंय, बाकीचं तुम्ही बघून घ्या, पैशाचं बोला.’ ‘बाकीचं’ म्हणजे पाच प्रकरणं. नाही म्हटलं की पलीकडून शांतपणे उत्तर येतं, ‘मग दुसरीकडे बघतो.’ दुसरीकडे मिळतं, म्हणूनच तो शांत असतो. पीएच.डी. ही प्राध्यापकाच्या बढतीशी जोडलेली आहे, नोकरीच्या स्पर्धेत वजन देणारी आहे, आणि मानाचीही आहे. मागणी मोठी आहे, तेव्हा पुरवठा करणारे उभे राहतातच.

यावर आपल्याकडचा मुख्य उपाय टक्केवारीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करायचं, 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ओळीने 14 शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेली शब्दरचना यात धरत नाहीत. नियम आवश्यक होता, त्याने धाक बसला. पण संगणक फक्त शब्द जुळवतो, लिहिणारा कोण होता ते त्याला कळत नाही. दुसऱ्याने पैसे घेऊन नव्याने लिहिलेला प्रबंध या चाळणीतून अगदी स्वच्छ निघतो. आणि अडाणीपणाने चार व्याख्या अवतरणचिन्हांशिवाय उतरवलेला विद्यार्थी अडकतो.

त्यातून आणखी एक धंदा निघाला, ‘साम्य कमी करून देण्याचा’. मी असा एक मराठी मजकूर पाहिला आहे. त्यात जिथे जिथे ‘शेतकरी’ होता तिथे ‘कृषीवल’ झाला होता, ‘कर्जबाजारी’चं ‘ऋणग्रस्त’, आणि एके ठिकाणी ‘शेतकरी संघटना’सुद्धा ‘कृषीवल संघटना’ होऊन बसली होती. विद्यार्थ्याने ते वाचलंही नव्हतं. इंग्रजीत तर याचा जगभर सुळसुळाट आहे. 2021 मध्ये फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधांतली अशी पिळवटलेली शब्दरूपं उजेडात आणली. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ (छातीचं संकट) झालं होतं आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव). यंत्राला फसवण्यासाठी भाषेचे इतके हाल करायचे, आणि जो माणूस भाषा नीट करतो त्याचं नाव मात्र लपवायचं, हे उलटं आहे.

मार्गदर्शकांनीच हे काम करावं, असं अनेक जण म्हणतात. आशय वाचणं, युक्तिवाद तपासणं, कच्चा दुवा दाखवणं हे त्यांचंच काम आहे आणि त्यातून कोणाचीही सुटका नाही. पण आयोगाच्या पीएच.डी.विषयक 2022 च्या नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. तासिका, परीक्षा, मूल्यांकनाची कागदपत्रं सांभाळून त्यांनी प्रत्येकाच्या तीनशे पानांतले अनुस्वार बघत बसावं ही अपेक्षा चुकीची आहे. उलट मी पाहिलं आहे की शुद्धलेखनाच्या चुकांनी पान इतकं लाल होतं की मार्गदर्शकाचं लक्ष त्यातच अडकतं, आणि खाली दबलेली युक्तिवादातली चूक तशीच पुढे जाते. भाषा दुसऱ्याने बघितली तर मार्गदर्शकाला विचार बघायला उसंत मिळते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो मला पटतो. भाषा आणि विचार असे वेगळे काढता येतात का? मराठी विषयातच पीएच.डी. करणाऱ्याची भाषा दुसऱ्याने घडवली तर मग पदवी कशाची? म्हणून माझ्या मते सगळ्या विषयांना एक माप लावू नये. मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषाविषयांच्या प्रबंधांत संपादकाने मुद्रितशोधनापलीकडे जाऊ नये. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, विज्ञान यांत वाक्यरचनेपर्यंत जायला हरकत नाही. तिथे पदवी भाषेची नसते. आणि शेवटी तोंडी परीक्षा असतेच. स्वतः न लिहिलेल्या प्रकरणावर बाहेरच्या परीक्षकाने तिसरा प्रश्न विचारला की उत्तर अडखळतं. तोंडी परीक्षा खरोखर परीक्षेसारखी झाली, फेटे-पेढ्यांच्या गडबडीत उरकली नाही, तर तिच्याइतकी कडक चाळणी दुसरी नाही.

मराठीचा एक वेगळा पैलूही आहे. 1962 साली नोव्हेंबरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, आणि त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम शासनाने मान्य केले. 1972 मध्ये आणखी चारांची भर पडून ते 18 झाले. म्हणजे कुठला इकार पहिला आणि कुठला दुसरा हे साठ वर्षांपूर्वी ठरलं. तो इकार दुसऱ्याने दुरुस्त केला तर चालेल का, हे मात्र ना 2018 च्या नियमावलीत आहे ना 2022 च्या. आणि चुका होतात त्या विद्यार्थ्याच्या आळसामुळेच असं नाही. चंदगडच्या, गगनबावड्याच्या, शिराळ्याच्या पोराच्या घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी, प्रबंधाची तिसरीच. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल युनिकोडमध्ये नेली की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ‘राष्ट्र’ आणि ‘वर्ष’ हे शब्द तपासण्यात मी अख्ख्या दुपारी घालवल्या आहेत. त्या चुकांचा संशोधकाच्या बुद्धीशी काडीचा संबंध नसतो, पण परीक्षकाच्या मनात पहिलं मत त्यांच्यावरूनच तयार होतं.

पैशाचा प्रश्न मला सगळ्यात टोचतो. ज्याच्या घरात आधीच प्राध्यापक आहे, त्याचा प्रबंध मावशी वाचते, काका वाचतो. ते संपादनच असतं, पण त्याला कोणी संपादन म्हणत नाही आणि त्यावर शंकाही घेत नाही. ज्याच्या घरात वाचणारं कोणी नाही त्याला पैसे मोजून माणूस शोधावा लागतो, आणि त्याचंच नाव लपवावं लागतं. हे कोल्हापूर आहे. मुलांना शिकायला या म्हणून भागत नाही, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय लागते, हे इथे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं आणि 1901 पासून एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सोय नसेल तर संधी कागदावरच राहते, हे या गावाला कोणी शिकवायला नको. पीएच.डी.ला प्रवेश दिला, अधिछात्रवृत्तीही मिळाली, पण लिहिलेलं तपासायला कोणी नाही, तर ती मुलं त्याच उंबऱ्यावर अडतात.

आता बऱ्याच जणांनी माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र धरलं आहे. विरामचिन्हांपुरतं ठीक. पण यंत्राला समासात प्रश्न लिहून थांबायची सवय नाही. त्याला ‘नीट करून दे’ म्हटलं की ते गुळगुळीत वाक्य हातात ठेवतं, आणि ‘आदण’ हा शब्द त्यात टिकेलच याची खात्री मला नाही.

म्हणून माझी मागणी अशी. प्रबंधात आज दोन पानं असतात. हे काम माझं स्वतःचं आहे असं विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र, आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. त्यांच्यामागे तिसरं पान यावं, संपादकाचं. मी या प्रबंधाची भाषा तपासली, अमुक ते अमुक प्रकरणं पाहिली, आशय, आकडे आणि निष्कर्ष यांना हात लावलेला नाही, असं त्याने नाव आणि सही करून लिहावं. मदत घेतली नसेल तर विद्यार्थ्याने तसं लिहावं. काम सुरू होण्याआधी मार्गदर्शकाची लेखी परवानगी असावी. ऑस्ट्रेलियात विद्यापीठांतल्या संशोधन विभागांचे अधिष्ठाते आणि व्यावसायिक संपादकांची संस्था यांनी मिळून असे नियम केलेले आहेत. संपादकाची हद्द त्यात घातली आहे आणि त्याचं नाव प्रबंधात द्यायला सांगितलं आहे. तिथल्या पदव्या त्यामुळे हलक्या झालेल्या नाहीत.

कोणी म्हणेल, हाही एक विकत मिळणारा कागद होईल. भीती खरी आहे. आयोगाच्या 2016 च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापणं सक्तीचं होतं, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं किती फोफावली ते आपण पाहिलं, आणि 2022 मध्ये ती सक्ती काढावी लागली. म्हणून नुसती सही पुरेशी नाही. सगळे बदल लाल अक्षरांत दिसणारी फाइल विभागात जमा व्हावी, परीक्षकाला हवी तेव्हा ती उघडता यावी. पाच प्रकरणं विकणाऱ्याकडे अशी फाइल नसते, कारण त्याच्याकडे विद्यार्थ्याचा कच्चा मसुदाच नसतो.

आणि विद्यापीठाने संपादकांची सूची करावी, त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, ज्या विद्यार्थ्यांना परवडत नाही त्यांचा खर्च उचलावा. मराठी विभागांतून दरवर्षी एम.ए. होऊन बाहेर पडणारी, हाताला काम शोधणारी मुलं-मुली आहेत. मुद्रितशोधन हे त्यांना शिकवता येण्यासारखं, पोट भरू शकेल असं कौशल्य आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जाचं काम प्रबंधाच्या पानावर दिसायला हवं असेल, तर भाषा तपासणाऱ्या माणसाला आधी उजेडात बसायला जागा द्या.

विद्यापीठ नियम करेल तेव्हा करेल. मी माझ्यापुरता या वर्षी सुरू केला आहे. मार्गदर्शकांची परवानगीची चिठ्ठी आणि ऋणनिर्देशात नाव देण्याची तयारी, या दोन गोष्टी असल्याशिवाय प्रबंध घेत नाही. गेल्या महिन्यात दोघे जण आले होते. दोघांनाही हेच सांगितलं. एक जण चौथ्या दिवशी सायबर चौकातून फोन करून घर विचारत आला, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून. दुसरीचा अजून फोन नाही. तिचं पहिलं प्रकरण माझ्या टेबलावर आहे, न उघडलेलं.